टॉमकॅटचं रिलोड मार्गी लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लातूरच्या अडत दुकानांसाठी तूर-सोयाबीनच्या पट्ट्या काढणारं आमचं ॲप टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालतं. हमालीचा दर कोडमध्ये बदलून कंपाइल केलं, तरी पट्टीवर जुनाच दर यायचा. तुम्ही संभाजीनगरहून फोनवर तपासणीचा जो क्रम लावून दिलात, तो नांदेड-परभणीकडच्या पोरांच्याही कामी यावा, म्हणून हे आभार जाहीर.

कॉन्टेक्स्टमधलं (ॲपच्या सेटिंगमधलं) 'रिलोडेबल', म्हणजे कोड बदलला की ॲप आपोआप पुन्हा लोड होण्याची सोय, मुळात बंद असते, ती ट्रू करायची, हे सगळेच सांगतात. तुम्ही विचारलंत, कोणत्या फाइलमध्ये? टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरात कॅटलिना आणि त्याच्या आतल्या लोकलहोस्ट फोल्डरात ॲपच्या नावाची एक्सएमएल असली, की टॉमकॅट तीच धरतो. ॲपच्या आतल्या मेटा-इन्फ फोल्डरातल्या कॉन्टेक्स्ट फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. तिथंच पहिला पेच सुटला.

मग क्लास फाइल (कंपाइल झालेला कोड) शेवटची कधी बदलली, ती वेळ. मेव्हन (कोड बांधणारं टूल) 'टार्गेट' फोल्डरात कंपाइल करतो आणि टॉमकॅट वेबॲप्समधल्या वेब-इन्फ फोल्डरावर नजर ठेवतो. मधली कॉपी झालीच नाही, तर बदललेलं त्याला दिसणार कुठून? तेही नीट असेल, तर त्या क्लासचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा) आणि कोडसोर्स (क्लास कुठून आला ते ठिकाण) लॉगमध्ये छापायचा. जार (क्लास फाइलींची गठडी) टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरात निघाली, तर तिला सगळ्या ॲपचा सामायिक 'कॉमन लोडर' उचलतो आणि ॲप कितीही रिलोड झालं तरी ती हलत नाही. ती वेब-इन्फच्या लिबमध्ये आणून टॉमकॅट एकदा पूर्ण बंद-चालू करायचा.

टॉमकॅटची पाहणी मुळात दर 10 सेकंदांनी होते, तेव्हा सेव्ह केल्याकेल्या ब्राउझर बडवण्यात अर्थ नाही. मोठी जार कॉपी होत असतानाच पाहणी झाली, तर अर्धवट फाइलवर रिलोड सुरू होतं आणि क्लास सापडत नाही म्हणून एरर येते. म्हणून जार आधी त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात टाकायची, मग एमव्ही (फाइल हलवण्याच्या) कमांडनं जागेवर आणायची. ही युक्ती तर लाखमोलाची!

प्रत्येक रिलोडनंतर मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी जावाची मेमरी) का चढत जातं, तेही कळलं. आपण सुरू केलेला थ्रेड (मागे चालणारं काम) चालूच राहिला, तर जुना क्लासलोडर सुटत नाही. थ्रेड आणि डेटाबेसचा कनेक्शन पूल आता लिसनरच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये, म्हणजे ॲप थांबताना चालणाऱ्या कोडमध्ये, बंद होतात. टॉमकॅटच्या मॅनेजरमधलं 'फाइंड लीक्स' (न सुटलेली जुनी ॲप शोधणारी सोय) पूर्ण गार्बेज कलेक्शन (मेमरीची साफसफाई) लावतं, म्हणून ते फक्त टेस्ट सर्व्हरवर. बाजाराच्या वेळी चालणाऱ्या सर्व्हरवर रिलोडेबल फॉल्स आहे.

आपले,
लातूरची ॲप मंडळी