राज्यांचे हक्क, पण कशासाठी?

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, की तुझ्या रूममेटच्या मते अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची दादागिरी, आयात मालावरच्या जकातीचे दर आणि राज्यांचे हक्क यांवरून झालं. वर तू म्हणालास, "दोघांचंही थोडं थोडं बरोबर असेल, आई." ते काही माझ्या डोक्यातून जाईना. नोकरीतली सगळी वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं, केंद्र आणि राज्य हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

तू राहतोस ते साउथ कॅरोलायना हेच अमेरिकेच्या संघातून फुटून निघालेलं दक्षिणेतलं पहिलं राज्य. २० डिसेंबर १८६० ला त्यांनी ठराव केला आणि चारच दिवसांनी, आपण का बाहेर पडलो, हे सांगणारा जाहीरनामा काढला. तो आधी वाच. जकातीबद्दल त्यात अवाक्षर नाही. तक्रार आहे ती ही, की उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत आणि केंद्राचा कायदा निकामी करणारे आपापले कायदे करतात. न्यूयॉर्कवर राग असा, की गुलाम बरोबर घेऊन तिथून नुसतं जायचीही सोय उरली नाही. म्हणजे एका राज्याने आपल्या हद्दीत आपला कायदा केला, याचीच ही तक्रार! राज्यांच्या हक्कांसाठी घर सोडणारा माणूस असं लिहील का?

तो केंद्राचा कायदा १८५० चा. त्यातलं एक कलम मला वर्गात सांगताना दर वेळी अंगावर यायचं. पकडून आणलेला माणूस गुलाम की स्वतंत्र, हे ठरवायला कमिशनर नावाचा केंद्राचा अधिकारी असे. निकाल मालकाच्या बाजूने दिला तर त्याला १० डॉलर, माणसाला सोडून दिलं तर ५. ज्युरी नाही. पकडलेल्याची स्वतःची साक्ष चालत नसे. पळणाऱ्याला कुणी आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. विस्कॉन्सिनमध्ये १८५४ साली जोशुआ ग्लोव्हर नावाच्या माणसाला असंच धरलं, तेव्हा मिलवॉकीच्या लोकांनी तुरुंगाचं दार फोडून त्याला सोडवलं. पुढे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा राज्याचा हक्क सांगत होतं विस्कॉन्सिन, आणि केंद्राचा बडगा हवा होता तो दक्षिणेला.

जकातीवरून भांडण झालं होतं, नाही असं नाही. पण ते १८३२ चं. साउथ कॅरोलायना आणि तिथले पुढारी कॅल्हून एका बाजूला, अध्यक्ष जॅक्सन दुसऱ्या. पुढच्याच वर्षी तडजोडही झाली. १८५७ मध्ये दर आणखी उतरले. पुन्हा चढवणारा कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, दक्षिणेतली सात राज्यं निघून गेल्यावर.

फुटून निघालेल्या दक्षिणेने स्वतःची नवी घटना लिहिली, तीही बघ. माणसांवरच्या मालकी हक्काला बाध आणणारा कायदा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, करता येणार नाही, असं तिच्यात स्पष्ट घातलंय. १८६० च्या जनगणनेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, साउथ कॅरोलायनात तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या. इतकी मालमत्ता कोण सोडणार होतं? आणि सैन्यात सक्तीची भरती उत्तरेच्या आधी केली ती याच दक्षिणेच्या केंद्राने, एप्रिल १८६२ मध्ये. दक्षिणेतल्याच जॉर्जियाचे गव्हर्नर ब्राउन त्याविरुद्ध ओरडत राहिले.

रूममेटच्या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच, की उत्तर सुरुवातीला गुलाम सोडवायला लढत नव्हती. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, असं लिंकन यांनी अध्यक्षपदावर येताना सांगितलं होतं. मिसूरी, केंटकी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं तर संघातच राहिली. पण दक्षिण का निघाली आणि उत्तरेने तिला का अडवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला चिकटवलं की तुझ्या मित्रासारखा घोळ होतो.

युद्ध संपून आठ वर्षं झाली असताना, १८७३ मध्ये, जोतिरावांनी पुण्यात बसून 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. युद्ध कशावरून झालं, हे त्यांना इतक्या लांबून कळलं होतं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी अमेरिकेचाच दाखला दिला: राज्यांना फुटून निघायचा हक्क नाही हे ठरवायला त्यांना यादवी लढावी लागली, आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं.

तुला माहीत आहे, जीएसटीचा वाटा असो की राज्यपालांचे अधिकार, मी बहुतेक वेळा राज्यांच्याच बाजूने भांडते. म्हणून तर हे शब्द माणसं विकणाऱ्यांच्या बचावाला जुंपलेले ऐकले की मला जास्त राग येतो.

मित्राशी वाद घालून संबंध तोडू नकोस. जाहीरनामा दोघं एकत्र बसून वाचा, ती घटनाही वाचा. या युद्धाबद्दल त्याच्या आजोबांचं म्हणणं काय होतं, तेही त्याला नीट विचार, मला ऐकायचंय.

तुझी,
आई