फ्लूची लस पावसाळ्याआधी

महोदय,
२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा मास्कसाठी झुंबड उडाली होती. आता साठी ओलांडलेले, मधुमेह-दमा असलेले लोकही ‘साधा सर्दी-ताप’ म्हणत लस टाळतात. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे खरेच. पण न्यूमोनियाचा, रुग्णालयात भरती होण्याचा धोका कमी होतो. आपल्याकडे साथ पावसाळ्यात वाढते आणि लशीचा प्रभाव पडायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मेअखेर उत्तम. धडधाकट तरुणांनी खिसा पाहून ठरवावे. घरात तान्हे बाळ असेल तर मात्र घ्यावीच. गर्भवती, मधुमेहींसाठी राज्य सरकारने मोफत लस सुरू केली होती. ती कुठे मिळते, याचे फलक महापालिका दवाखान्यांनी वेळेत लावावेत.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे