एकच डाग आणि पन्हाळ्याचा तट

संपादक महोदय,

शहरातील एका प्रशिक्षण संस्थेच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी संगणकावर उभारलेला पन्हाळ्याचा तट नुकताच पाहिला. बांधणीत आणि उन्हाच्या तिरपेत त्यांचे कष्ट दिसत होते. मात्र एका चिऱ्यावरचा शेवाळाचा डाग दर चार पावलांवर जसाच्या तसा पुन्हा येत होता, आणि एकदा तो नजरेत भरल्यावर दुसरे काही दिसेना. एकच छायाचित्र फरशीसारखे जोडत नेले की असे होते.

छायाचित्र मोठे घेणे हा यावरचा उपाय नव्हे. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक रंगीत टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, कॉम्प्रेस न करता ठेवले तर ६४ एमबी मेमरी खाते, आणि लांबून पाहण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या लहान आवृत्त्या धरल्या तर सुमारे ८५. शिवाय खडबडीतपणाची आणि चकाकीची टेक्स्चर वेगळीच.

संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८३ च्या सुमारास यावर निराळी वाट काढली: छायाचित्राऐवजी सूत्रातूनच पृष्ठभागाची नक्षी काढायची. एका कल्पित जाळीच्या प्रत्येक बिंदूला एक यादृच्छिक दिशा द्यायची, मधल्या जागेत त्यांचा परिणाम हळुवार मिसळायचा, आणि असे थर एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा दुप्पट बारीक व निम्म्या जोराचा, चढवत जायचे. या ‘नॉइज’साठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. जांभ्याच्या छिद्रांसाठी मात्र स्टीव्हन वॉर्ली यांची १९९६ ची पेशींसारखी आकृती देणारी पद्धत अधिक जुळते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, म्हणून जड सूत्रे आधीच सोडवून त्यांची टेक्स्चर करून ठेवतात आणि हलकी तेवढी जागेवर चालवतात.

तरीही नुसत्या सूत्रातून निघतो तो कुठलाही दगड. शेवाळ सांध्यात, पाणी मुरते तिथे धरते. ओघळ वरून खाली येतात. पायऱ्या मधोमध झिजतात. हे सूत्राला सांगायचे तर आधी स्वतः पाहावे लागते. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात हे लिहावे लागावे, याचे थोडे नवल वाटते. संस्थांनी सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल देऊन आठवडाभर गडावर आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात बसवावे, आणि नॉइजचे सूत्र तयार बटणावर न सोडता एकदा तरी स्वतः लिहायला लावावे.

तो तट पुन्हा मांडला जाणार असेल, तर निदान शेवाळ पाऊस झोडपतो त्या बाजूला असावे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर