चाचणीची बिल्ड आणि पट्टीवरचा ‘ऱ्य’

संपादक महोदय,

विंडोजच्या पुढच्या आवृत्तीत काय नवे येणार, हा मजकूर आपल्या दैनिकात वाचला. ‘इन्सायडर’ म्हणून नाव नोंदवले की ही आवृत्ती आजच फुकट वापरता येते, असे त्यात म्हटले होते. ते खरे आहे. २०१४ पासून ही सोय आहे. पण कुठल्या मशीनवर टाकायची आणि टाकल्यावर काय करायचे, हे त्यात नव्हते. मी शाहूपुरीत बावीस वर्षे संगणक दुरुस्त करतो, म्हणून लिहावेसे वाटले.

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानातली गोष्ट. ऐन हंगाम, सौदे जोरात. मालकांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने हौसेने हिशोबाच्या एकुलत्या एका मशीनवर डेव्ह चॅनेलची बिल्ड, म्हणजे अजून तयार होत असलेली कच्ची आवृत्ती, टाकली. तीन आठवडे काही झाले नाही. मग एका सकाळी पुढची बिल्ड उतरली आणि शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची पट्टी छापायला घेतली, तर ‘शेतकऱ्याचे नाव’ ही ओळच मोडलेली. र सुटा, त्याचा पाय मोडलेला, य पलीकडे एकटा. पट्टीसाठी थांबलेल्या शिरोळकडच्या शेतकऱ्याने कागद उजेडात धरला आणि विचारले, “ओ, ह्यात आकडं तरी बरोबर हाईत न्हवं?”

आकडे बरोबर होते. पण त्याची शंका मला अगदी रास्त वाटली. ज्या कागदावर नाव नीट उमटत नाही, त्यावरच्या वजनावर आणि दरावर त्याने का विश्वास ठेवावा?

मी गेलो. तीच ओळ नोटपॅडमध्ये टाइप केली, अक्षर नीट आले. पट्टीच्या प्रोग्राममध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट काढून मंगल लावला, तरी तुटकेच. तोच प्रोग्राम माझ्या दुकानातल्या नेहमीच्या विंडोजवर चालवला, तिथे पुन्हा नीट. म्हणजे प्रिंटर नाही, फॉन्टही नाही. त्या प्रोग्रामची अक्षरे जोडायची जुनी रीत नव्या बिल्डवर चालेना. विनव्हर ही आज्ञा चालवून मिळालेला बिल्ड नंबर, दोन्ही पट्ट्यांचे फोटो आणि कुठली कळ कुठल्या क्रमाने दाबली, एवढे प्रोग्राम करणाऱ्यांना पाठवले. दोन आठवड्यांत त्यांनी दुरुस्ती दिली. ही अडचण बाकीच्या अडत्यांच्या दारात जायच्या आधीच मिटली, याचे मला फार समाधान आहे.

अडत दुकानाचे मात्र हाल झाले. डेव्ह टाकण्याआधीच्या विंडोजवर परत जायची मुदत दहा दिवसांची, ती कधीच उलटली होती. ती गेल्यावर डेव्हवरून नेहमीच्या विंडोजवर यायचे तर सगळे पुसून नव्याने टाकावे लागते. रात्री दोनपर्यंत बॅकअप घेत बसलो. मालकांनी दिवसभर कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहिल्या. पोटापाण्याच्या मशीनवर चाचणीची बिल्ड टाकू नये ती यासाठी. मायक्रोसॉफ्टही तेच सांगते. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर टाका, नाहीतर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा वेगळा संगणक, करा. आणि हौस आवरतच नसेल, तर बॅकअप घेऊन निदान रिलीज प्रीव्ह्यू चॅनेलवर, म्हणजे जवळपास तयार झालेल्या आवृत्तीवर, थांबा.

कळवायचेही नीट कळवायला हवे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या फाइल्स पुसल्या गेल्या. ती थांबवावी लागली, १३ नोव्हेंबरला पुन्हा दिली. मन खाते ते याचे, की चाचणीच्या काळातच काही जणांनी हे फीडबॅक हबवर, म्हणजे विंडोजमधल्या तक्रारी कळवायच्या ॲपवर, लिहिले होते, पण तक्रारींच्या गर्दीत ते बुडाले. त्यानंतर नुकसान किती गंभीर, हे सांगायची जागा तिथे ठेवण्यात आली. ती मोकळी सोडू नका. विंडोजची कळ आणि एफ दाबले की हब उघडते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. कुठला शब्द, कुठल्या प्रोग्राममध्ये, आधी कसा दिसायचा, आता कसा दिसतो, ते लिहा.

हे आपणच करायला हवे. पट्टीवर मोडला तो ‘ऱ्य’ हिंदीत नाहीच. हिंदीत तपासणाऱ्याला तो तुटलेला कधी दिसणार नाही. २०१९ च्या मे अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले, तेही आधी इन्सायडर बिल्डमध्येच उतरले होते. तेव्हा आपल्याकडच्या किती जणांनी त्यावर ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ टाइप करून पाहिले असेल?

कोल्हापुरातल्या कॉलेजांमधली बरीच मुले नव्या मेनूसाठी या बिल्ड टाकतात. त्यांनी एवढे शब्द तरी टाइप करून, छापून, फाइलच्या नावात घालून शोधून पाहावेत. माझ्या दुकानात एक जुने मशीन मी याच कामासाठी मोकळे ठेवले आहे. शनिवारी दुपारनंतर कुणीही यावे. मराठी मजकूर मोडणारा आपला प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन यावा, मी सोबत बसेन.

आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती करणारा,
शाहूपुरी, कोल्हापूर