शिडीचं झाड

डब्लिन,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

प्रिय आई, बाबा,

दोन गोष्टी ठरवून टाकल्यात. आधी त्या सांगते, मग हवं तेवढं रागवा. मी यंदा नाताळला येत नाही. आणि यंदा आपल्या घरी नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदीही येणार नाही. दुसरी गोष्ट दादाशी बोलून पक्की केली आहे. त्याला काही बोलू नका, डोकं माझंच आहे.

रजेचं असं आहे की बाबांच्या वेळी जुलैमध्ये आले, त्यात बरीचशी संपली. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा येईन (येऊ देऊ नका). पण वॉर्डात नाताळच्या रात्री कुणीतरी हवंच, आणि जिची पोरं लहान तिला घरी सोडायचं असं आम्ही मुलींनीच आपसांत ठरवलं. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. ईस्टरला येते, तिकीट काढून झालंय. आई, खोली गरम असते, भात रोज होतो, तू दिलेला मसाला अजून अर्धा बाकी आहे. सुके बोंबील तेवढे नाहीत. असते तरी तळल्यावर घरमालकिणीने मला सामानासकट बाहेर काढलं असतं.

आता फांदीचं. बाबा, तुमच्या एम-८० च्या मागच्या सीटवर उलटी बसून, फांदी पोटाशी धरून मी राजोडीच्या किनाऱ्यावरून घरापर्यंत यायचे. हात खाजायचे, पण मी फांदी सोडायचे नाही, कारण तुम्ही मागे न बघता दर वळणावर विचारायचात, “बाय, झाड आहे ना गं?” झाड आहे की नाही ते विचारायचात, मी आहे की नाही ते नाही! मग ती वाळू भरलेली बादली, तिला गुंडाळलेला लाल कागद आणि आईची कटकट. ते सगळं माझ्या अंगात आहे, कुठे जात नाही. म्हणून फांदी नको म्हणताना मला सोपं गेलं असं समजू नका.

पण बघा. किनाऱ्यावरचे सुरू वाऱ्याला आणि वाळूला अडवायला लावलेले आहेत, त्यांच्या फांद्या तोडायच्या नसतातच. आपण “पडलेली उचलली” म्हणायचो. पडलेली होती की पाडलेली, ते आपल्या दोघांना माहीत. बरं, सुरू तरी कुठे आपला, तो मूळचा ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या आसपासच्या बेटांकडचा. त्या हिरव्या सुया म्हणजे पानंसुद्धा नाहीत, पेरापेरांच्या बारीक डहाळ्या आहेत त्या. खरी पानं पेरांवर खवल्यांएवढी असतात. म्हणूनच वाळलं की सगळं पेरापेरावर मोडून लादीभर पसरतं, आणि नववर्षापासून तीन राजांच्या सणापर्यंत आई वाकून झाडत बसते. आईचे गुडघे आता ते काम करणार नाहीत. आणि बाबा, चक्कर येते तेव्हा तुम्ही सांगत नाही, हे मला वहिनीकडून कळतं.

तर झाड शिडीचं होणार. तुमची ती चिकू काढायची लाकडी घडीची शिडी. उघडली की वर निमुळती, खाली रुंद, आकार आयताच मिळतो. दोन्हीकडच्या समान उंचीच्या पायऱ्यांवर आडव्या फळ्या टाकायच्या, खाली लांब, वर आखूड. जुन्या दिवाणाच्या फळ्या माळ्यावर आहेत, दादा त्या कापून आणेल. शिडीचे पाय बाहेर सरकू नयेत म्हणून खालच्या पायऱ्या एकमेकींना नायलॉनच्या दोरीने बांधायच्या. दोरी सैल राहिली तर सगळं खालच्या येशूजन्माच्या गोठ्यावर येईल, म्हणून गाठ दादानेच मारायची. पहिल्या फळीवर ताटांत उगवलेली नाचणी. दुसरीवर नेच्यांच्या कुंड्या, विहिरीच्या कडेचे चालतील, पण ते आणायला छोट्याला पाठवा. त्यावर पणत्या, पण मेणाच्या नाहीत, बॅटरीच्या. सगळ्यात वर चांदणी. गोठा शिडीच्या पोटात, जमिनीवर, आजवर बसायचा तिथेच.

बाबा, हे धर्माला सोडून आहे असं वाटेल म्हणून लिहिते. गोठा आपला जुना आहे. संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात खरा बैल, खरं गाढव उभं करून नाताळ केला. झाडाला एवढं वय नाही. रोमला संत पेत्राच्या चौकात नाताळचं झाड उभं राहिलं ते पोप जॉन पॉल दुसऱ्यांच्या वेळी, 1982 मध्ये. तोवर तिथला नाताळ काही अडला नव्हता. आणि जर्मनीच्या खाणींच्या डोंगराळ भागात तर लाकडी मजल्यांचा मनोराच करतात, एकेका मजल्यावर मेंढपाळ, राजे, देवदूत, आणि मेणबत्त्यांच्या गरम हवेने वरचं पंखेवालं चाक फिरतं. आमच्या वॉर्डातली जर्मन डॉक्टर तिच्या घरातला दाखवत होती. मला तुमची शिडीच आठवली. म्हणजे हे खूळ एकटं माझं नाही.

इथे हिरवी खरी झाडं रस्त्याच्या कडेला जाळीत गुंडाळून विकतात. माणसाच्या उंचीचं नॉर्डमन फर वाढायला सात ते दहा वर्षं लागतात आणि ते महिनाभर दिवाणखान्यात उभं राहतं. माझ्या खोलीत ते मावणार नाही, म्हणून मी भिंतीवर केलंय: बागेत पडलेल्या काठ्या, आखूड ते लांब, सुतळीने एकाखाली एक बांधून एका खिळ्याला टांगल्या. त्यावर तुमचे लहानपणीचे फोटो चिमट्यांनी लावलेत. बाबांचा चड्डीतला पण. खिडकीत विजेची मेणबत्ती ठेवलीय, मरिया आणि योसेफला वाट दिसावी म्हणून इथल्या घरांत तसं करायची रीत आहे. दुपारी चारनंतर अंधारच असतो, त्यामुळे ती कामाला येते.

आता आईचं. नाचणी नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पसरट ताटात पेर, पाणी फक्त शिंपड, मागच्या खेपेसारखी बुडवू नकोस. आजीचं लाल लुगडं पेटीतून काढून शिडीखाली अंथरावं असं मला वाटलं होतं. पण ते तुझं आहे, तुझ्या मनात नसेल तर पेटीतच राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाताळचे पिठाचे फुगे घरी तळायचे नाहीत. नंदाखालच्या मावशींना सांगून ठेवलंय. त्या आणून देतील, तू चव बघून नावं ठेव. चव म्हणजे एकच, आई. साखर तपासायची पट्टी दादाने आणलीय, ती संपली तर नवी आणा, “बरं वाटतंय” ही तपासणी नव्हे.

बाबांना काम नाही असं नाही. चांदणी तुम्हीच करायची, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरून, खुर्चीत बसून. तुमच्यासारख्या कामट्या दादाला तासता येत नाहीत, त्याने केलेल्या चांदणीला एक टोक जास्त असतं. दारावर टांगायला मात्र छोट्या चढेल.

आणि हो, एक सांगून टाकते. शिडीचं झाड केलं की ती तीन राजांच्या सणापर्यंत अडकून पडते, म्हणजे चिकूवर कुणाला चढता येणार नाही. हे डोक्यात ठेवूनच मी शिडी निवडली. सणानंतर ती दादाच्या घरी जाईल. चिकू खालून झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने काढा, नाहीतर वटवाघळांना खाऊ द्या, त्यांचाही सण असेल.

मध्यरात्रीच्या मिस्सेला चालत जायचं नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला जाण्या-येण्याचे पैसे दादाने आधीच दिलेत, बाबा, त्याच्याशी परत भाव करत बसू नका. स्वेटर घाला. मिस्सा संपली की लगेच घरी, अंगणात गप्पा मारत उभं राहायचं नाही. माझी ड्युटी रात्रीची आहे, मधल्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करीन. तेव्हा तुमच्याकडे सकाळ असेल. फोन चार्ज करून ठेवा आणि शिडीसमोर बसा, पंख्यासमोर नको, आवाज येत नाही.

तुमची,
बाय