शनिवारच्या बास्केटबॉल सामन्याआधी

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आधी ठेवला, ते चुकलंच. पण तुझ्या संघातल्या मुलीच्या मंगळवारी मुरगळलेल्या पायाबद्दल "पट्टी घट्ट बांधते आणि शनिवारी खेळवते" असं तू इतक्या सहज म्हणालीस, की पुढचं मला ऐकूच आलं नाही.

घोट्याबद्दल एकदाच लिहिते, मग विषय बंद. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, उडी मारून घेताना मुलगी दुसरीच्या बुटावर उतरते, पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे बंध, ताणले जातात. तिला 4 पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर ती कळवळली, तर आधी एक्स-रे. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. पट्टीने आधार मिळतो, गेलेला तोल परत येत नाही. डोळे मिटून त्या पायावर ती दुसऱ्या पायाइतका वेळ उभी राहते का बघ. मग एका पायावर उड्या, मग सरळ धावणं, मग धावताना झटकन दिशा बदलणं, शेवटी उडी मारून उतरणं. जिथे दुखेल तिथून एक टप्पा मागे. आणि "दुखतंय का" हे तिला विचारू नकोस. बाहेर बसायला लागेल म्हणून मुली कधीच हो म्हणत नाहीत. मागे उभी राहून तिची चाल बघ.

बघ, शिकवायलाच लागले. निवृत्त झाले तरी खोड जात नाही, माफ कर.

तुझा सरावाचा आराखडा छान आहे. बाबांनी दोनदा वाचला, एकदा शेजारच्यांना वाचून दाखवला. फक्त 90 मिनिटांत 40 मिनिटं सामना आणि उडीवरून उतरण्याचा सराव शून्य? सुरुवातीची 10 मिनिटं त्याला दे. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकलेले, पंजांच्या रेषेत, आत झुकलेले नकोत. तू कानाने तपास. धप्प आवाज आला की पाय ताठ होते. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, शेवटी घे, दमल्यावर, दोन-दोनच. सामन्यात सलग 50 टाकायला कुणी देत नाही.

पहिला सामना हरलात म्हणून एवढी घाई का? अमेरिकेतले प्रशिक्षक जॉन वुडन आधी शाळेत इंग्रजी शिकवत आणि बास्केटबॉलही. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते 1948 मध्ये आले, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1964 मध्ये, म्हणजे 16व्या हंगामात. ते धरून 12 वर्षांत 10. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना काय शिकवत, तर मोजे घालायला! टाचेशी किंवा करंगळीशी सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की पाय वाकडा पडतो, आणि पाय वाकडा पडला की... आले परत घोट्यावरच.

तुला 5 नंबरचा बॉलही हातात मावत नव्हता, तरी दादाच्या 7 नंबरच्या बॉलसाठी रडायचीस. दादा तेव्हा खेळत होता. त्याचाही सामना शनिवारीच होता ना गं? जाऊ दे, हे काढणार नव्हते.

तू माझ्यापेक्षा चांगली शिकवशील, हे मला तू आठवीत असल्यापासून माहीत आहे.

तिला बाकावर बसवलंस तर रिकामी बसवू नकोस. हातात वही दे, समोरच्या संघाचे फाउल टिपायला लाव. कुणाचे 4 झालेत हे तुला वेळेवर सांगणारी कुणीतरी हवीच.

रात्री फोन कर. या वेळी मी आधी ठेवणार नाही.

तुझी,
आई