सणाच्या दिवशी ड्युटी

सोलापूर

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "लोकांच्या चैनीवर चालणारा धंदा तुझा. उद्या त्यांनी हात आखडला की पहिली गदा तुझ्यावर. आणि सणासुदीला घरी नसतोस ते वेगळंच." हॉटेलच्या काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हो-हो करून ठेवला. तसंही फोनवर बाबांशी वाद घालता येत नाही, उत्तर सुचलं नाही की ते फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसलोय. आई, तू डोळ्यांवर ताण देऊ नकोस, दादाकडून वाचून घे.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. टाळेबंदीत सगळ्यांत आधी बंद झालेल्यांत हॉटेलं, थिएटरं आणि मंगल कार्यालयं होती, आणि सगळ्यांत उशिरा सुरू झालेल्यांतही हीच. महाराष्ट्रातली थिएटरं दुसऱ्या लाटेनंतर उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडला. पोट भरल्यावर जे सुचतं त्यावर आमचं पोट, हे मलाही कळतं.

पण चैन म्हणाल, तर आमच्याकडे उतरणारी माणसं तुम्ही एकदा बघाच. बुधवारी रात्री गाड्या लागायला लागतात, गुरुवारी सकाळी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असतं. एकादशीला पंढरपूरवाले, नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरवाले, अधूनमधून गाणगापूरचे. मधल्या वारी टॉवेल-चादरीचे नाहीतर गणवेशाचे व्यापारी. एका गाडीत आजी, दोन सुना, पोरं, डिकीत सतरंजी आणि शेंगा चटणी-भाकरीचा डबा. दर्शन दोन तासांचं. बाकी वेळ पोरं लिफ्टमधून वर-खाली करतात आणि बाया रात्री अकरापर्यंत कॉरिडॉरमध्ये पाय पसरून बोलत बसतात. गेल्या आठवड्यात त्यातली एक सून सकाळी खाली आली आणि हळूच विचारलं, "दादा, चहा आपला आपण करायचा नाही ना?" खोलीत ठेवलेली किटली बघून तिला धडकी भरली होती. मी म्हटलं, बसा, वर पाठवतो. ती तिथंच सोफ्यावर बसून राहिली, चहा येईपर्यंत काहीही न करता. देवाचं निमित्त नसतं तर तिला घरून कुणी सोडलं असतं का? आपल्याकडे विश्रांतीला कारण दाखवावं लागतं आणि देव हे सगळ्यांत बिनविरोध कारण.

आता धंद्याचं. तुमच्या मिलमध्ये न खपलेली चादर गोदामात राहायची, पुढच्या हंगामात निघायची. खोलीचं तसं नाही. आजची रात्र रिकामी गेली ती गेली, आणि पगार, वीज, लिफ्टचा करार काही थांबत नाही. त्यामुळे भाव रोज हलतो. मंगळवारी जी खोली पडेल त्या भावात देतो, तीच कोजागिरीला दुप्पट दराने जाते. बाबा, तुम्हाला ही लूट वाटेल. पण कोजागिरीच्या कमाईवर आमचा आषाढी ते श्रावण यांच्या मधला सुना काळ निघतो. मला खरा राग ॲपवाल्यांचा येतो. त्यांच्यामार्फत आलेल्या बुकिंगवर पंधरा-वीस टक्के त्यांना द्यायचे, आणि गिऱ्हाईक गरम पाणी नाही म्हणून ओरडणार ते माझ्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

सिनेमाचंही असंच गणित. तुम्ही आईला घेऊन जायचात तेव्हा तिकिटावर करमणूक कर छापलेला असायचा. तो १९२३ च्या कायद्यापासूनचा, थेट २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गेला. जवळजवळ शंभर वर्षं सरकारला हसण्या-रडण्यावर वाटा हवा होता म्हणजे! आता मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात तिकिटाचे, कर वजा जाता, साधारण निम्मे पैसे वितरकाकडे जातात. पॉपकॉर्नचे मात्र सगळे थिएटरचे. म्हणून ते तसल्या भावाने विकतात आणि म्हणून दारात पिशव्या तपासतात. आईच्या पर्समधले भाजके शेंगदाणे काढून घेतले होते त्याचं कारण हे. चोरी-बिरीचा संशय नव्हता, आई, धंदा होता.

बाबा, रिकाम्या वेळाला तुम्ही नावं ठेवता याचं मला नवल वाटतं, कारण त्याच वेळासाठी भांडल्याच्या गोष्टी मी तुमच्याकडूनच ऐकल्यात. कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून लावून धरलं, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांचं एक कारण, असं तुम्हीच सांगायचात. पुढच्या वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. मग १९२२ ला आठवड्याचे ६० तास, १९३४ ला ५४, १९४८ च्या कायद्याने ४८. आपल्याकडची जुनी मिल १८७७ ची, म्हणजे तिथल्या पहिल्या पिढीच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर, आणि बाहेर आलं तरी झोपण्यापुरतं.

हे सगळं झालं म्हणून आज मी नोकरी करतो. कामगाराला सुट्टी मिळाली आणि चार पैसे उरले, तेव्हाच त्याला सिनेमा, सहल, खानावळीतलं जेवण विकणारे उभे राहिले. इंग्लंडातही तेच. टॉमस कुक नावाच्या माणसाने ५ जुलै १८४१ ला आगगाडी ठरवून शिलिंगभर भाड्यात पाचेकशे माणसं लेस्टरहून लाफबरोला नेली, ती दारूबंदीच्या सभेला. सहलीच्या धंद्याची अशी सुरुवात झाली हे आमच्या बारच्या मॅनेजरला सांगितलं, तर त्याला पटेना.

पण यात आई कुठे बसते? तू घरात विड्या वळायचीस, आई. बाबांना भोंगा होता, तुला नव्हता. हजार विड्यांवर मजुरी, त्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी गेली. सूप मांडीवर, मानेला हिसका देत आमचा अभ्यास घ्यायचीस. विडी कामगारांचा कायदा १९६६ ला आला होता, पण आपल्या खोलीत येऊन रविवार कोण मोजणार होतं? बाबा पारावर जायचे, तालमीत जायचे, लेझीमच्या सरावाला उभे राहायचे. तुझी सुट्टी म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गड्ड्याची एक संध्याकाळ आणि तुळजापूर. २०२४ च्या सरकारी पाहणीत आलंय की घरकामात बाया दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. बाबांनी ८८ चा आकडा दोनदा वाचावा. आपल्या घरात तेवढाही नव्हता.

इकडे गड्ड्यासाठी होम मैदानावर पाळण्यांचे लोखंडी खांब उभे राहायला लागलेत. देवस्थानची पंच कमिटी जागा आखून भाड्याने देते, आणि पाळणेवाले, मौत का कुआँवाले, खेळण्यांचे स्टॉलवाले वर्षभर एका जत्रेतून दुसरीत फिरत इथे येतात. त्यातला एक फिटर आमच्याकडे खोली विचारायला आला होता. भाव ऐकून हसला, म्हणाला, पाळण्याखाली ताडपत्री आहे की ओ. मी विचारलं, तू कधी बसतोस का पाळण्यात? तर म्हणे, पाळण्यात वाळूची पोती ठेवून आधी फिरवतो, नट आवळायचे तर चढतो, बसायला कुठे मिळतंय. त्याच्या बोटांच्या पेरांत ग्रीस इतकं मुरलं होतं की रजिस्टरवर उगाच हात टेकवला तर चार काळे ठसे उमटले.

बाबा, तुम्हाला बोलायचंच असेल तर यावर बोला, मी ऐकून घेईन. दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी राबणाऱ्यांना स्वतःची सुट्टी नाही. आमच्याकडे लग्नाला येणारी वाढपी पोरं रोजावर असतात, मुहूर्त नाही तर काम नाही, पीएफचं नावच काढू नका. खोल्या झाडणाऱ्या मावशी दिवाळीत येतात कारण दिवाळीत हॉटेल भरलेलं. मी मालकांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी लेखी मागितली आहे, माझी आणि मावशींचीही. माझी मंजूर झाली, मावशींचं "बघू" झालंय. तुम्ही युनियनमध्ये होतात, "बघू"ला पुढे काय करायचं ते शिकवा. नोकरी सोडण्याचं मात्र डोक्यातून काढा.

आणि एक गोष्ट मला रुखरुख लावते. पैसे न देता वेळ घालवायच्या जागा आहेत त्या कमी होऊ नयेत. सिद्धेश्वर तलावाच्या काठी अजून फुकट बसता येतं, महापालिकेकडे कितीही तक्रारी असल्या तरी. तालमी-मंडळं आहेत, पण वर्गणीतला मोठा भाग साउंडवाल्याच्या भाड्यात जातो आणि पोरं त्याच्यासमोर नुसती उड्या मारतात. लेझीमला महिना-महिना सराव लागायचा आणि त्यात कुणाला तिकीट नव्हतं. माझ्या धंद्याने सगळंच विकायला घेतलं तर तेही बरं नाही, एवढं मी धंद्यात राहून म्हणतो.

भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. ते तीन दिवस मी हॉटेलवरच असणार, आत्तापासूनच सगळ्या खोल्या भरल्यात. गड्डा त्यानंतरही महिनाअखेरपर्यंत राहतो आणि मंगळवारी पाळण्याला रांग कमी असते. माझी सुट्टी मंगळवारी. डॉक्टरांनी आईच्या प्रवासाला हो म्हटलं की दादाला सोमवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढायला सांगा, मी स्टेशनवर येतो. आईने गाडीत खायचा डबा करायचा नाही, दादाने करायचा. त्याला जमत नसेल तर बाबांनी करावा, ८८ मिनिटांत होतो.

तुमचा,
धाकटा